सचिन ते हातगड : एका दिवसाच्या वाटेवरचा इतिहास



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या शाळेत अनेक वर्षे इतिहास शिकविला. दूरच्या साम्राज्यांकडे वळण्यापूर्वी मुलाला स्वतःच्या गावाच्या चतुःसीमा ठाऊक असाव्यात, असा त्यांचा आग्रह होता. त्या आग्रहाचे स्मरण ठेवून मी आजचा विषय निवडला आहे. गेल्या हिवाळ्यात माजी विद्यार्थी मंडळाने सचिनहून एका दिवसाची सहल काढली. बारडोली, व्यारा, सोनगड, आहवा, सापुतारा आणि हातगड असा जाण्याचा मार्ग होता. परतीला वघई-वांसद्याची वाट. जाऊन-येऊन चारशे किलोमीटरांच्या आतबाहेरचा हा प्रवास. मंडळाने मलाही बरोबर येण्याचे निमंत्रण दिले आणि वाटेत जे दिसेल त्याविषयी बोलावे असे सुचविले. बसमध्ये जे तुटकपणे बोललो, ते आज थोडे जुळवून आपल्यापुढे मांडतो.

माझा अभ्यासविषय बखर वाङ्मय. दुर्गांचा मी संशोधक नव्हे. परंतु बखरींत ज्या गावांची, घाटांची नावे आयुष्यभर वाचली, त्यांतील कित्येक आपल्या सचिनपासून एका दिवसाच्या अंतरावर आहेत, याचे भान आपल्यापैकी फार थोड्यांना असते. येथील बहुसंख्य मराठी कुटुंबांची समजूत अशी की, आपण पोटासाठी अलीकडे येथे आलो. आपला इतिहास मागे सह्याद्रीपलीकडे राहिला. ही समजूत अर्धवट आहे, आणि तिच्यामुळे आपल्या मुलांचे काही नुकसानही होते. ते कसे, हे या वाटेने जाता जाता स्पष्ट होईल.

सचिन : एका कागदाचे संस्थान

आरंभ घरापासूनच करू. सचिन आज औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. माग, रंगाई आणि छपाईचे कारखाने, पहाटेची पाळी, स्टेशनाबाहेरची गर्दी, हे आपल्या परिचयाचे चित्र. परंतु १९४८ पर्यंत सचिन हे एक संस्थान होते आणि त्याचे नवाब सिद्दी, म्हणजे आफ्रिकेतून आलेल्या हबशी घराण्यातले होते. हे घराणे येथे कोठून आले? कोकणातल्या जंजिऱ्याहून.

जंजिऱ्याची कथा मराठी वाचकाला सांगावयास नको. शिवाजी महाराजांनी तो जलदुर्ग घेण्याचे प्रयत्न केले. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये खाडीत दगड टाकून किल्ल्यापर्यंत सेतू बांधावयास घेतला. १७३६ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेशी लढताना सिद्दी सात मारला गेला. इतके होऊनही किल्ला मराठ्यांच्या हाती आला नाही. पुढे १७८४ मध्ये सिद्दी अब्दुल रहीम वारल्यावर गादीचा तंटा लागला. त्याचा मुलगा अब्दुल करीम, ज्याला बाळूमिया म्हणत, तो पुण्याच्या आश्रयास आला. किल्ला सिद्दी जोहरने बळकावला होता. (पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जोहर निराळा, त्यास तोपर्यंत शंभराहून अधिक वर्षे लोटली होती.) सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत, नाना फडणीस कारभारी असताना, १७९१ साली करार झाला. बाळूमियाने जंजिऱ्यावरील आपला हक्क पेशव्यांना लिहून द्यावा आणि त्याच्या मोबदल्यात सुरतेजवळची सचिनची जहागीर घ्यावी, असे ठरले.

करार पार पडला, बाळूमिया सचिनला आला, संस्थान उभे राहिले. जंजिरा मात्र पुण्याला मिळाला नाही. सिद्दी जोहरने किल्ला सोडला नाही आणि पेशव्यांच्या हाती कागद तेवढा राहिला. अरबी समुद्राच्या काठावर सव्वाशे वर्षे जे तोफांनी साधले नाही, ते दप्तरातल्या एका लेखाने साधेल असे नानांसारख्या मुत्सद्द्याला वाटले असावे. साधले ते इतकेच की, तापीच्या दक्षिणेला एक नवे राज्य जन्मास आले. म्हणजे सचिन हे संस्थान पुण्यात झालेल्या मराठी कराराचे अपत्य आहे. या गावात उतरणाऱ्या पहिल्या मराठी कामगाराच्या कितीतरी आधी या गावाचे भवितव्य मराठी दरबारात लिहिले गेले होते.

मैदानातून सोनगडकडे

पहाटे पाच वाजता बस निघाली. बारडोलीपर्यंत दोहो बाजूंना उसाची शेते. १९२८ चा साराबंदीचा सत्याग्रह येथला. वल्लभभाईंचा स्वराज आश्रम पाहून, चहा घेऊन आम्ही पुढे निघालो. बारडोलीपुढे व्यारा लागते. आजच्या नकाशात हा सारा सलग गुजरात आहे. १९४७ च्या नकाशात मात्र आम्ही तासाभरात तीन राज्ये ओलांडली असती : सचिनच्या नवाबाचे, इंग्रजांचे आणि व्याऱ्यापासून बडोद्याच्या गायकवाडांचे. व्यारा आणि सोनगड हे बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतात मोडत.

सोनगड येथे आम्ही दोन तास थांबलो. गावाच्या पाठीशी डोंगर आणि डोंगरावर गड. पायथ्याशी सागाची झाडे सुरू होतात. मैदान आणि जंगल यांच्या अगदी उंबऱ्यावर हे ठिकाण आहे, हे वर चढल्यावर ध्यानात येते. पश्चिमेला सुरतेपर्यंतची सपाटी, उत्तरेला तापी, आणि पूर्वेला व दक्षिणेला डोंगरांच्या रांगा. १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या उकाई धरणाचे पाणी आता त्या बाजूला पसरलेले आहे.

सेनापती खंडेराव दाभाडे यांच्या पदरी असलेले पिलाजीराव गायकवाड यांनी १७१९ च्या सुमारास हे ठाणे मेवासी भिल्लांकडून घेतले. बडोदे तेव्हा फार दूर होते. मोगल सुभेदाराशी उघड्या मैदानात फार काळ झुंजण्याचे बळ नव्हते. म्हणून पिलाजीरावांनी जंगलाचा आधार धरला. भिल्ल आणि कोळी यांच्याशी त्यांनी सख्य जोडले. येथून खाली उतरावे, खंडणी घ्यावी, संकट आले की पुन्हा झाडीत शिरावे, अशी ही पद्धत. १७३१ च्या डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडले, १७३२ मध्ये डाकोर येथे पिलाजीरावांचा दग्याने खून झाला, तरी घराणे टिकले. १७३४ मध्ये बडोदे कायमचे गायकवाडांकडे आले. पुढे सत्तेचे केंद्र मैदानात सरकले आणि सोनगड मागे पडला. बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा पाहावयास लोक लांबून जातात. त्या राज्याचे मूळ ठाणे मात्र पडक्या तटांत, रानगवतात आणि देवीच्या स्थानापुरत्या राहिलेल्या वर्दळीत उभे आहे.

येथे आमच्यापैकी एका माजी विद्यार्थ्याने विचारले की, सोनगडने आपल्याला दिले काय? प्रश्न रास्त होता. उत्तर द्यावयाचे तर दीडशे वर्षे पुढे जावे लागते. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातला एक शेतकऱ्याचा मुलगा १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक आला. तेच सयाजीराव महाराज. त्यांच्या राज्यात सोनगड भागात आदिवासी मुलांसाठी वसतिगृहे निघाली. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये तो सर्व संस्थानाला लागू करण्यात आला. ज्या भिल्लांच्या बळावर पिलाजीरावांचे ठाणे उभे राहिले, त्यांच्या वंशजांपर्यंत पाटी-पुस्तक पोचण्यास पावणेदोनशे वर्षे लागली. गडाचा अभिमान बाळगताना हा हिशोबही मांडला पाहिजे.

डांगचे अरण्य आणि त्याची माणसे

सोनगड सोडल्यावर रस्ता दक्षिणेस वळतो आणि डांग सुरू होतो. साग, बांबू, मधूनच नागलीची खाचरे, वळणावळणाचा घाट. बसमधले बोलणे आपोआप कमी झाले. आहव्याला आम्ही दुपारी जेवलो. नागलीची भाकरी, उडदाची डाळ आणि मिरचीचा ठेचा. वाढणाऱ्या बाई आपसांत ज्या बोलीत बोलत होत्या, ती आमच्यातील धुळे-नंदुरबारकडच्या मंडळींना सहज कळली. त्यांनी अहिराणीत उत्तर दिले, ते बाईंनाही कळले. जे गुजरातीत शिकले होते त्यांनाही पुष्कळसे उमगले. पुण्या-मुंबईचे प्रमाण मराठी बोलणारा मीच काय तो अडखळत होतो.

ही बोली मराठी की गुजराती, या प्रश्नावर एकेकाळी फार मोठा वाद झाला. ग्रियर्सनने भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात, १९०७ साली, खानदेशीचा समावेश भिल्ली भाषांच्या भागात केला आणि डांगीला तिच्या शेजारी बसविले. स्वातंत्र्यानंतर भाषावार प्रांतरचनेच्या चळवळीत डांगवर दोन्ही बाजूंनी हक्क सांगण्यात आला. सभा झाल्या, पुस्तिका निघाल्या, दौरे झाले. १९६० मध्ये द्वैभाषिकाचे विभाजन झाले तेव्हा डांग गुजरातेत गेला. मी त्या निर्णयाची उजळणी करण्यासाठी हा विषय काढलेला नाही. मला एवढेच नोंदवावयाचे आहे की, त्या वादात डांगी माणूस साक्षीदार म्हणून पुष्कळदा उभा केला गेला. त्याची भाषा त्याची स्वतःची असू शकते, हा पक्ष मांडणारे फार थोडे निघाले.

डांगमध्ये गाढवी, आमळा, वासुर्णा, पिंपरी आणि लिंगा येथे भिल्ल राजे होते. त्यांचा गायकवाडांकडून 'गिरास' घेण्याचा हक्क होता. मैदानातले राज्य जंगलातल्या राजांना दरसाल काही रक्कम देई आणि त्या मोबदल्यात मैदानातली गावे सुखरूप राहत. इंग्रजांनी १८३० मध्ये आउट्रमच्या हाताखाली येथे फौज पाठविली आणि १८४२ च्या सुमारास सागासाठी जंगलाचे पट्टे करून घेतले, कारण मुंबईच्या गोदीला जहाजांकरिता लाकूड हवे होते. त्या पट्ट्यांपोटी राजांना मिळणारी रक्कम आजही होळीच्या सुमारास आहव्याच्या डांग दरबारात सन्मानाने दिली जाते. आपल्या संस्थानिकांचे तनखे १९७१ मध्ये बंद झाले. डांगच्या राजांचे मानधन चालू राहिले. महाराजांची, पेशव्यांची, गायकवाडांची नावे बखरींत येतात. ज्यांच्या जंगलातून त्या फौजा गेल्या, ज्यांनी वाटा दाखविल्या, त्या वाटाड्यांची नावे येत नाहीत.

सापुताऱ्याला पोचलो तेव्हा तिसरा प्रहर झाला होता. सुमारे हजार मीटर उंचीवरचे हे थंड हवेचे ठिकाण. तलाव, होड्या, उपाहारगृहे, शाळांच्या सहली. तेथेच नवागाम नावाची वस्ती आहे. थंड हवेचे ठिकाण वसविताना मूळच्या सापुताऱ्याची माणसे तेथे हलविण्यात आली. पाहुण्यांपैकी फारच थोड्यांना हे ठाऊक असते.

येथे मला दक्षिण अमेरिकेतल्या पेरूची आठवण झाली. अँडीज पर्वतातल्या इंका लोकांच्या उद्ध्वस्त नगरांचे दर्शन घेण्यासाठी कुस्को शहरातून दररोज बसगाड्या निघतात. पिसाक, ओयांतायतांबो, चिंचेरो अशी पर्वतातली गावे आणि भग्नावशेष एका दिवसात दाखवून त्या परततात. आपल्या सहलीसारखाच तो क्रम. १९११ मध्ये हायरम बिंगहॅम या अमेरिकन प्राध्यापकाने माचू पिक्चू 'शोधून काढले' असे जगभर छापले गेले. परंतु तो तेथे पोचला तेव्हा इंकांच्या जुन्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत काही शेतकरी कुटुंबे पीक घेत होती, आणि त्यांच्यातल्याच एका लहान मुलाने त्याला अवशेष दाखविले. ज्यांनी ती जागा कधी हरवू दिली नव्हती, ते शोधक ठरले नाहीत. डांगमध्ये आणि बागलाणात आपण भग्न गड पाहावयास जातो, तेव्हा गडाखाली राहणाऱ्या माणसाकडे आपली नजर जाते की त्याला ओलांडून केवळ बुरुजावर खिळते, हे स्वतःला विचारण्यासारखे आहे.

हातगडावरून

सापुताऱ्याहून अवघ्या काही किलोमीटरांवर महाराष्ट्राची हद्द आणि तेथेच हातगड. नाशिक जिल्ह्याच्या सुरगाणा तालुक्यातला हा किल्ला घाटमाथ्यावरून सुरतेकडे उतरणाऱ्या वाटेचा पहारेकरी. कातळात खोदलेल्या पायऱ्या, दरवाजाजवळ खडकात कोरलेला शिलालेख, वर पाण्याची टाकी. चढण सोपी असल्यामुळे सत्तरी ओलांडलेले आम्ही तिघेही वर गेलो.

माथ्यावरून दिसतो तो बागलाणचा दरवाजा. मुल्हेर ही येथल्या बागूल राजांची राजधानी. त्यांच्या दरबारातील रुद्र कवीने १५९६ मध्ये 'राष्ट्रौढवंशमहाकाव्य' हे संस्कृत काव्य रचले. १६३८ मध्ये औरंगजेबाने, दख्खनचा सुभेदार असताना, हे राज्य बुडविले. ईशान्येला साल्हेर. १,५६७ मीटर उंचीचा हा महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. परशुरामाने येथूनच बाण सोडून कोकणची भूमी निर्माण केली, अशी लोकसमजूत आहे. १६७० च्या ऑक्टोबरात सुरतेहून परतताना महाराज बागलाणातूनच गेले आणि दिंडोरीजवळ दाऊदखानाच्या फौजेशी त्यांची लढाई झाली. पुढल्याच वर्षी साल्हेर स्वराज्यात आला. १६७२ च्या आरंभी साल्हेरच्या पायथ्याशी मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी मोगलांचा उघड्या मैदानात पराभव केला. सूर्यराव काकडे तेथे पडले. सभासदाच्या बखरीतले या युद्धाचे वर्णन मी वर्गात अनेकदा शिकविले आहे. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलेल्या १२ मराठा दुर्गांत साल्हेरचा समावेश झाला. आपल्या शाळेपासून एका दिवसाच्या टप्प्यात जागतिक वारसा आहे, ही आनंदाची गोष्ट.

याच ठिकाणी आठवीतल्या एका मुलाने मला एक प्रश्न विचारला. त्याचे आजोबा शिरपूरकडून मागावर काम करण्यासाठी आलेले. तो म्हणाला, "सर, वर्गातली मुले म्हणतात, तुमच्या लोकांनी आमचे सुरत लुटले. मी काय सांगू?"

श्रोतेहो, आजच्या व्याख्यानात माझ्या दृष्टीने याहून महत्त्वाचे दुसरे काही नाही. या मुलाला आपण दोन तयार उत्तरे देतो. घरी सांगतो की, ती लूट नव्हतीच. आणि बाहेर सांगतो की, तो विषय काढू नकोस. दोन्ही उत्तरे त्याला दुबळा करतात. मी त्याला जे घडले ते सांगितले. १६६० पासून तीन वर्षे शायिस्तेखान पुण्यात तळ ठोकून मुलूख उद्ध्वस्त करीत होता. त्याची भरपाई बादशहाच्या सर्वांत श्रीमंत बंदरातून करून घ्यावी, हा राजकीय हेतू होता. १६६४ च्या जानेवारीत महाराजांची फौज गणदेवीवरून उधन्यास आली. या दोन गावांच्या मधल्या पट्ट्यातच आपले सचिन आहे. शहराचा सुभेदार इनायतखान रयतेला सोडून किल्ल्यात जाऊन बसला. धर्मशील म्हणून ख्याती असलेल्या एका दलालाच्या घराला आणि फादर अँब्रोज या पाद्र्याला उपद्रव झाला नाही, असे फ्रेंच प्रवासी बर्निए लिहितो. त्याचबरोबर शहराचा मोठा भाग जळाला, सावकारांची घरे खणली गेली, सामान्य माणसे भयाने गाव सोडून पळाली. इंग्रजांच्या वखारीतल्या कागदपत्रांत हे सारे आहे. हेतू समजून घेतल्याने जळलेले घर उभे राहत नाही, आणि जळलेले घर दिसले म्हणून हेतू खोटा ठरत नाही. वर्गातल्या मुलाला हे दोन्ही सांग, आणि तुझ्या आजोबांनी याच सुरतेत चाळीस वर्षे कापड विणले हेही सांग, असे मी त्याला म्हटले. मुलाने वहीत काही टिपून घेतले.

वाट कोणाची ?

परतताना अंधार पडला. वघई, वांसदा, चिखली, नवसारी असे करीत रात्री दहाच्या पुढे आम्ही सचिनला पोचलो. या दिवसाचा मला उमगलेला अर्थ थोडक्यात सांगतो.

घाटमाथा आणि सुरत यांच्यामधली ही वाट फौजांच्या फार आधीपासून चालती आहे. मीठ, मासळी आणि परदेशी माल वर जाई. धान्य आणि लाकूड खाली येई. महाराजांची फौज या मुलखात उतरली, पिलाजीराव उतरले, कवळाण्याचा मुलगा राजा होण्यासाठी उतरला. १९०० मध्ये तापी खोऱ्यातला लोहमार्ग अमळनेरपर्यंत पोचला आणि खानदेशातून उतरण्याचा मार्ग सोपा झाला. पुढे दुष्काळाने, शेतीच्या वाटण्यांनी आणि मागांच्या खडखडाटाने ओढलेली माणसे त्याच मार्गाने येत राहिली. आपण त्यांची मुले-नातवंडे आहोत. आपण उपरे नाही आणि येथले जेतेही नाही. जुन्या वाटेवरचे अलीकडचे प्रवासी आहोत, आणि त्या वाटेवर सिद्दी, पारशी, गुजराती, कोकणा, भिल्ल, वारली असे सोबती आपल्या आधीपासून आहेत.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझ्या दोन सूचना आहेत. पहिली, ही सहल दरवर्षी निघावी आणि तिच्यात आपल्या शाळेच्या जोडीने शेजारच्या गुजराती शाळेची मुलेही असावीत. त्या मुलाला जो प्रश्न विचारला गेला तो विचारणारा मुलगाही हातगडावर यावा. दुसरी, प्रत्येक कुटुंबाने आपले वडीलधारे येथे कोणत्या साली, कोणत्या गावाहून, कोणाच्या ओळखीने आले, पहिली रात्र कोठे काढली, हे लिहून शाळेच्या ग्रंथालयात द्यावे. जुनी रेशनपत्रिका, गिरणीचा हजेरीपास, गावाकडून आलेले पोस्टकार्ड, जे असेल ते जोडावे. सोनगडचे दगड आणखी दोनशे वर्षे राहतील. ज्यांनी औद्योगिक वसाहतीत पहिले माग चालविले, ती माणसे आज सत्तरीच्या घरात आहेत, माझ्याच वयाची. त्यांच्याजवळ बसून लिहून घेण्यास फार अवधी उरलेला नाही.